रोज व्हिटॅमिनची गोळी घ्यावी का? आधी कमतरता कुठून येते ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जेवण बऱ्यापैकी नीट आहे, तरी सतत थकवा असतो, केस गळतात, अधूनमधून पायांना मुंग्या येतात. कोणी म्हणतं रोज एक मल्टीव्हिटॅमिन सुरू कर, कोणी म्हणतं चौरस आहारातून सगळं मिळतं, गोळीची गरजच नाही. खरं काय? आणि घ्यायचीच तर कोणती गोळी?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याच्यासाठी योग्य जीवनसत्त्व हे औषध आहे, आणि इतका मोठा फरक इतक्या सहज पाडणारी औषधं फार थोडी आहेत. ज्याला कमतरता नाही त्याच्या हाती त्याच गोळीतून जवळजवळ काहीच लागत नाही, आणि काही जीवनसत्त्वांच्या बाबतीत नुकसानही होतं. त्यामुळे कोणती गोळी घ्यायची हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचं ते हे, की कमतरता आहे का, आणि असेल तर ती नेमकी कुठून आली. ताटात कमी पडतंय, आतड्यात शोषलं जात नाही, एखादं औषध आड येतंय, की शरीराची गरजच वाढली आहे? उपचार यावर ठरतो.

जीवनसत्त्वांनी ताकद येते, हा समज फार घट्ट बसलेला आहे. जीवनसत्त्वांत कॅलरी नसतात. ऊर्जा येते पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांतून. जीवनसत्त्वं ती ऊर्जा मोकळी करणाऱ्या क्रियांना लागतात. थायमिन, म्हणजे बी-१ घ्या. खाल्लेल्या पिष्टाचं ग्लुकोज होतं, ग्लुकोजचं पायरुव्हेट होतं, आणि पायरुव्हेटला पुढच्या टप्प्यात नेणारं एन्झाइम थायमिनशिवाय चालत नाही. थायमिन संपलं की मेंदू, नसा आणि हृदय आधी अडचणीत येतात, कारण ऊर्जेचा पुरवठा थोडा वेळही थांबलेला त्यांना सोसत नाही. पण एन्झाइमला हवं तेवढं थायमिन मिळालं की काम झालं. दहापट थायमिन दिलं म्हणून ते दहापट वेगाने चालत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज आहे जेमतेम १.१ ते १.२ मिलिग्रॅम.

माणसाला लागणारी जीवनसत्त्वं एकूण १३: ए, सी, डी, ई, के आणि बी गटातली आठ. त्यातली ए, डी, ई आणि के चरबीत विरघळतात, बाकीची पाण्यात. पाण्यात विरघळणारी शरीरात साठत नाहीत, असं सरसकट सांगितलं जातं; ते पूर्ण खरं नाही. थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. सी पूर्ण बंद झालं तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची, म्हणजे हिरड्यांतून रक्त येणाऱ्या आजाराची, लक्षणं दिसू लागतात. बी-१२ मात्र पाण्यात विरघळणारं असूनही यकृतात काही वर्षं पुरेल इतकं साठलेलं असतं. ही गोष्ट रुग्ण तपासताना फार उपयोगी पडते. आज पायाला मुंग्या आल्या म्हणजे कारण गेल्या महिन्यातल्या जेवणात असेलच असं नाही. ते चार-पाच वर्षांपूर्वी बदललेल्या आहारात किंवा तेव्हा सुरू झालेल्या एखाद्या औषधात असू शकतं. म्हणून मी नुसतं 'सध्या काय खाता' असं विचारून थांबत नाही.

काहीतरी नसल्यामुळे माणूस आजारी पडू शकतो, ही कल्पनाच वैद्यकशास्त्राला फार उशिरा पटली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरी या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा जंतू शोधत होता. त्या काळात प्रत्येक आजारामागे जंतू असणार असंच गृहीत होतं. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना अचानक बेरीबेरीसारखाच पायांचा लुळेपणा आला आणि काही महिन्यांनी तो आपोआप गेला. चौकशीत कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पॉलिश केलेला भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, पुन्हा साधा बिनपॉलिशचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. आइकमानला तरी वाटत राहिलं की भातात काही विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याच्यानंतर तिथे काम करणाऱ्या खेरिट ग्राइन्सने १९०१ मध्ये बरोबर अर्थ लावला: कोंड्यात असलेलं काहीतरी आवश्यक द्रव्य पॉलिशमध्ये निघून जातं. ते द्रव्य म्हणजेच वर सांगितलेलं थायमिन. १९१२ मध्ये काझिमिर फुंकने अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव दिलं आणि १९२९ मध्ये आइकमानला नोबेल मिळालं. ही हकिगत मी सांगतो ती यासाठी, की बेरीबेरी झालेले लोक पोटभर जेवत होते. पोट भरणं आणि पोषण होणं यांत फरक पडू शकतो, आणि धान्यावर गिरणीत काय प्रक्रिया झाली एवढ्यानेही तो पडतो.

आता कमतरता कुठे कुठे निर्माण होते ते पाहू. यात मी बी-१२ वर जास्त थांबणार आहे. तुमच्या प्रश्नात मुंग्या आहेत हे एक कारण, आणि कमतरतेचे सगळे मार्ग या एका जीवनसत्त्वात दिसतात हे दुसरं.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही, कोणताही प्राणीही नाही. ते फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्याला मिळतं. दूधसुद्धा न घेणाऱ्या पूर्ण वनस्पतिजन्य आहारात ते मिळण्याचा विश्वासार्ह मार्ग नाही. बी-१२ मिसळलेले पदार्थ किंवा गोळी घ्यावीच लागते. स्पिरुलिनासारख्या शेवाळात ते भरपूर असतं असं सांगितलं जातं, पण त्यात मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं, माणसाला न चालणारं द्रव्य असतं. यावर विसंबून राहिलेल्या लोकांच्या नसांचं नुकसान होतं, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

ताटात बी-१२ आलं तरी ते रक्तात पोचायला बराच प्रवास आहे. अन्नात ते प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. मग जठराच्याच पेशींतून स्रवणारं इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन लहान आतड्यात त्याला पकडतं, आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ही जोडी शोषली जाते. यातला एक टप्पा बिघडला तरी आहार कितीही चांगला असो, उपयोग नाही. वयानुसार जठराचं अस्तर पातळ झालं की आम्ल कमी पडतं. म्हणून पन्नाशीनंतर अनेकांना अन्नातलं बी-१२ नीट शोषता येत नाही, पण गोळीतलं शोषता येतं, कारण ते प्रथिनाला चिकटलेलं नसतं. ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी औषधं वर्षानुवर्षं घेतली तरी हाच परिणाम होतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होतं, आणि तिथे एक घोटाळा हमखास होतो. पायांची आग आणि मुंग्या मधुमेहामुळेच आहेत असं धरून सगळे पुढे जातात आणि बी-१२ तपासायचं राहून जातं. पर्निशस ॲनिमिया या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्ट्रिन्सिक फॅक्टरवर उलटते. जठर किंवा शेवटचं आतडं शस्त्रक्रियेत काढलं असेल, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

एका जेवणातून या मार्गाने फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ शोषलं जातं, मग मार्ग भरून जातो. त्याशिवाय, इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसतानाही, घेतलेल्या मात्रेच्या साधारण एक टक्का भाग आतड्यातून आपसूक झिरपतो. रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असताना गोळी १००० मायक्रोग्रॅमची का असते याचं उत्तर इथे आहे: तिच्या एका टक्क्याने गरज भागते. त्यामुळे शोषणाचा मार्ग बिघडलेल्या अनेकांनाही मोठ्या मात्रेच्या गोळीवर ठेवता येतं. मात्र नसांची लक्षणं असतील तर मी इंजेक्शननेच सुरुवात करतो, तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही.

लक्षणं कशी ओळखायची? दोन्ही पायांना सारख्याच मुंग्या किंवा बधिरता, अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होऊन तिखट झोंबणं, विसराळूपणा, दम लागणं. रक्तातलं हिमोग्लोबिन पूर्ण नॉर्मल असतानाही नसांचं नुकसान चालू असू शकतं, हे लक्षात ठेवा. आणखी एक सापळा फॉलिक ॲसिडचा, म्हणजे फॉलेट या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळीतल्या रूपाचा. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला दिसतो, आणि मज्जारज्जूची हानी मात्र आतून सुरूच राहते. म्हणून ॲनिमियाला फॉलिक ॲसिड देण्याआधी बी-१२ पाहायचं, हा नियम मी कधीच मोडत नाही.

तपासणीत बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० मधला आकडा संशयाचा, तिथे मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासून खात्री करता येते. रक्त द्यायच्या आधी इंजेक्शन किंवा गोळी घेऊ नका. एका इंजेक्शनने आकडा वर जातो, आणि मग खरी कमतरता होती की नव्हती हे महिनोन्महिने कळत नाही. उपचार सुरू केल्यावर रक्त आठवडाभरात प्रतिसाद देऊ लागतं. नसांना मात्र महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर सगळं परत येत नाही.

मुंग्यांबद्दल एक इशारा इथेच देतो. मुंग्या आल्या की 'नसांची गोळी' म्हणून बी गटाच्या जोरदार गोळ्या घेतल्या जातात, आणि त्यांतल्या काहींत बी-६ची मात्रा फार मोठी असते. बी-६ची रोजची गरज आहे १.३ मिलिग्रॅमच्या आसपास. मोठ्या मात्रेत ते दीर्घकाळ घेतलं तर तेच नसांना इजा करतं, आणि त्याचं लक्षण पुन्हा मुंग्या आणि बधिरता हेच. अमेरिकेत वरची सुरक्षित मर्यादा १०० मिलिग्रॅम धरली जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती फक्त १२ मिलिग्रॅमवर आणली. मुंग्या वाढताहेत म्हणून रुग्ण गोळी दुप्पट करतो, तेव्हा आधी गोळीच्या पाकिटावरची अक्षरं वाचायला हवीत.

जीवनसत्त्व डी ची गोष्ट वेगळी. ते मुळात अन्नातून कमीच मिळतं: तेलकट मासे, अंड्याचा बलक, डी मिसळलेलं दूध, एवढंच काय ते. मुख्य कारखाना म्हणजे त्वचा. उन्हातल्या अतिनील बी किरणांनी त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसदृश द्रव्याचं रूपांतर होतं, यकृतात त्यावर एक प्रक्रिया होते, मूत्रपिंडात दुसरी, आणि मग ते काम करण्याजोगं होतं. खरं तर ते संप्रेरकासारखंच वागतं. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत, त्यामुळे काचेआडचं ऊन कितीही लख्ख असलं तरी या कामाचं नाही. त्वचा गडद असेल तर तेवढंच डी तयार व्हायला जास्त वेळ लागतो. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर साधी गोळी पुरत नाही, तिथे तज्ज्ञाने ठरवलेला वेगळा प्रकार लागतो.

डी कमी असलेल्या मुलांत मुडदूस होतो, मोठ्यांत हाडं मऊ पडतात. कंबर, मांड्या, फासळ्या दुखतात, जिना चढताना आणि जमिनीवरून उठताना त्रास होतो. अशा माणसाला डी दिल्यावर काही आठवड्यांत जो फरक पडतो तो पाहण्यासारखा असतो. पण गेल्या काही वर्षांत प्रत्येक तक्रारीचं खापर डी वर फोडलं गेलं. अमेरिकेतल्या व्हायटल या चाचणीत २५,८७१ प्रौढांना सरासरी पाचेक वर्षं रोज २००० युनिट डी किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. कर्करोग, हृदयविकार यांचं प्रमाण कमी झालं नाही, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हाडं मोडण्याचंही नाही. यातले बहुसंख्य लोक मुळात कमतरता नसलेले होते, हे विसरू नका. डी निरुपयोगी आहे असा अर्थ यातून निघत नाही. पुरेसं असलेल्याला आणखी दिल्याने फायदा होत नाही, एवढं त्यातून ठाम कळतं.

मात्रा जास्त झाली तर डी रक्तातलं कॅल्शियम वाढवतं: सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा, मूत्रपिंडाला इजा. बहुधा आठवड्याला घ्यायची मोठी गोळी गैरसमजातून रोज घेतली गेल्यावर हे होतं. एकदम भली मोठी मात्रा देऊन वर्षभराची काळजी मिटवावी, हा विचारही फसला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर त्या जास्त वेळा पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. प्रौढाची रोजची शिफारस साधारण ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, आणि स्वतःच्या मनाने ओलांडू नये अशी मर्यादा ४००० युनिट. कधी पाकिटावर युनिट लिहिलेलं असतं, कधी मायक्रोग्रॅम; ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. तपासणी करायचीच असेल तर '२५-हायड्रॉक्सी' डी ची करा. सक्रिय डी ची तपासणी नाव भारी वाटतं म्हणून केली जाते, पण कमतरता असतानाही ती नॉर्मल येऊ शकते.

गरज वाढल्यामुळे येणारी कमतरता समजून घ्यायची तर फॉलेट पाहावं. पेशी विभागताना डीएनए बनवायला ते लागतं, त्यामुळे गर्भारपणात त्याची मागणी एकदम वाढते. १९३१ मध्ये ल्युसी विल्स या डॉक्टरने मुंबईतल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो असं दाखवलं. त्या अर्कातलं कामाचं द्रव्य पुढे फॉलेट ठरलं. पण यातली सगळ्यात महत्त्वाची बाब वेळेची आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. म्हणजे बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचं नीट कळायच्या आधीच हा टप्पा संपतो. पाळी चुकल्यावर सुरू केलेली गोळी या कामाला उशिराच पोचते. म्हणून मूल हवं असं ठरवलं की किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा असा दोष असेल तर डॉक्टर ४ मिलिग्रॅम देतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत या मात्रेने तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. आहार उत्तम असला तरी ही गोळी घ्यायचीच. इथे 'जेवणातून सगळं मिळतं' हे वाक्य मी मान्य करत नाही.

सी बद्दल थोडक्यात. १७४७ मध्ये जेम्स लिंडने एका ब्रिटिश जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमित व्हायला १७९५ उजाडलं. आजही स्कर्व्ही संपलेली नाही. अगदी मोजकेच दोन-चार पदार्थ खाणारी मुलं, एकटे राहणारे वृद्ध, दारूचं व्यसन असलेले लोक यांच्यात ती दिसते: हिरड्यांतून रक्त, कारण नसताना काळेनिळे डाग, पाय दुखून चालायला नकार. ती टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅम सी पुरतं, आणि वेगवेगळ्या देशांच्या शिफारशी साधारण ४० ते ११० मिलिग्रॅम आहेत. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास रक्तातली पातळी जवळपास भरते, पुढे कितीही घेतलं तरी ती फारशी चढत नाही. सर्दीपुरतं सांगायचं तर रोज सी घेणाऱ्या सामान्य लोकांना सर्दी कमी वेळा होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के लवकर संपते. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही. एक उपयोग मात्र मी आवर्जून सांगतो: वनस्पतिजन्य जेवणातलं लोह सी सोबत असेल तर जास्त शोषलं जातं. त्यासाठी जेवतानाच एखादं आंबट फळ किंवा लिंबू घ्यावं, दोन जेवणांच्या मध्ये नाही.

मग सगळं थोडं थोडं जास्तच घेतलं तर बिघडलं कुठे? याचं उत्तर ज्या चाचणीने दिलं ती माझ्या मते जीवनसत्त्वांच्या आधुनिक इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटिन (गाजरासारख्या भाज्यांतलं, शरीर ज्यातून ए बनवतं ते द्रव्य) जास्त असतं, म्हणून बीटा कॅरोटिनच रक्षण करत असणार असा तर्क होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर तो तपासला गेला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले: रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या तशाच दुसऱ्या चाचणीत, तिथे सोबत जीवनसत्त्व ए सुद्धा होतं, तो २८ टक्के जास्त आढळला आणि चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढे २०११ मध्ये रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के वाढल्याचं दुसऱ्या मोठ्या चाचणीत दिसलं. गाजर खाल्ल्याने यातलं काही होत नाही. भाजीत शेकडो द्रव्यं एकत्र असतात, मात्रा छोटी असते, आणि भाज्या खाणाऱ्या माणसाच्या इतर सवयीही वेगळ्या असतात. त्यातलं एकच द्रव्य उचलून कित्येक पट करून दिलं की ते वेगळं वागतं. तुम्ही धूम्रपान करत असाल तर बीटा कॅरोटिनची गोळी घेऊच नका.

ए मध्ये दोन प्रकार ओळखता यायला हवेत. यकृत, अंडी, दूध यांत तयार रेटिनॉल असतं. गडद हिरव्या आणि नारिंगी भाज्या-फळांत कॅरोटिन, ज्यातून शरीर लागेल तेवढंच ए बनवतं. कॅरोटिन जास्त खाल्लं तर तळवे पिवळट होतात, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो, आणि काही बिघडत नाही. कावीळ समजून घाबरलेले लोक येतात, त्यांना मी आधी डोळे दाखवायला सांगतो. रेटिनॉल मात्र साठत जातं. गरोदरपणात दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त रेटिनॉल घेतल्यास बाळात जन्मजात दोष येण्याचा धोका आहे, म्हणून त्या काळात ए असलेली साधी मल्टीव्हिटॅमिनही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. याच ए ची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. १९८० च्या दशकात आल्फ्रेड सोमर यांनी इंडोनेशियात केलेल्या कामातून दिसलं, की ए ची कमतरता असलेल्या वस्तीत लहान मुलांना सहा महिन्यांनी एक मोठी मात्रा दिली तर मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गोवर झालेल्या मुलाला सलग दोन दिवस ए द्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एकच द्रव्य कमतरता असलेल्या मुलाचा जीव वाचवतं आणि धूम्रपान करणाऱ्या प्रौढाचा धोका वाढवणाऱ्या गोळीतही असतं. म्हणूनच मी नावावरून गोळी सांगत नाही.

काहींनी मात्र फार चर्चा न करता घ्यावं, ते असे. नवजात बाळाला जन्मताच के चं इंजेक्शन, कारण त्याच्याजवळ के चा साठा नगण्य असतो आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट डी, आईच्या दुधात ते पुरेसं नसतं. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांपैकी गरोदर, मधुमेही किंवा कुपोषित अशा जोखमीच्या लोकांना बी-६, पण छोट्या मात्रेत. दारूचं व्यसन असलेल्याला किंवा आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या गरोदर स्त्रीला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन. उलट क्रमाने केलं तर उरलंसुरलं थायमिनही संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना आयुष्यभर पूरक जीवनसत्त्वं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्या रोज साधारण सारख्या प्रमाणात खायच्या असतात, आणि के असलेली कोणतीही गोळी विचारल्याशिवाय सुरू करायची नसते.

स्वयंपाकात जे वाया जातं तेही ताटातल्या कमतरतेत धरा. सी आणि फॉलेट पाण्यात उतरतात आणि उष्णतेने नष्ट होतात; भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर बराच भाग त्याबरोबर जातो. कमी पाणी, झाकण, थोडा वेळ, किंवा वाफवणं. चिरून तासन्‌तास ठेवू नका, चिरल्यावर धुऊ नका. कॅरोटिनचं उलटं आहे: शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत ते जास्त शोषलं जातं, तेलाशिवायच्या कच्च्या सॅलडमधून कमी. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, उजेडाने नष्ट होतं, म्हणून दूध पारदर्शक बाटलीत उन्हात ठेवू नये. गोठवलेल्या भाज्यांबद्दल उगीच शंका घेतली जाते. काढल्याबरोबर गोठवलेली भाजी चार दिवस फ्रीजमध्ये कोमेजलेल्या भाजीपेक्षा बरी असते.

आता तुमच्या तक्रारीकडे. थकवा आणि केस गळणं यांची सर्वांत जास्त आढळणारी कारणं जीवनसत्त्वांत नसतातच. लोहाची कमतरता, थायरॉइड, अपुरी झोप, मधुमेह, नैराश्य, हे आधी पाहायचं. मोठा ताप, बाळंतपण किंवा अचानक घटलेलं वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात आणि बहुधा आपोआप थांबतात. त्या काळात जी गोळी चालू असते तिला श्रेय मिळतं. केसांसाठी बायोटिन (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि ते किती दिवस थांबवायचं हे विचारा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीत चुकीचे आकडे आणू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे.

तुम्ही माझ्यासमोर असता तर गोळी लिहिण्याआधी मी एवढं केलं असतं: रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, बी-१२, आणि हाडं-स्नायू दुखत असतील तरच डी. सोबत गेल्या पाच वर्षांतली सगळी औषधं एका कागदावर, ॲसिडिटीच्या गोळ्यांसकट. पायांच्या संवेदना आणि डोळे मिटून उभं राहिल्यावर जाणारा तोल तपासला असता. बी-१२ कमी निघालं तर ते का कमी झालं हे शोधून मगच गोळी की इंजेक्शन हे ठरतं, आणि मेटफॉर्मिनसारखं औषध चालूच राहणार असेल तर दरवर्षी आकडा पुन्हा पाहावा लागतो. सगळं नॉर्मल निघालं आणि तरीही मल्टीव्हिटॅमिन घ्यायचीच असेल, तर पाकिटावर रोजच्या गरजेच्या १०० टक्क्यांपेक्षा जास्त मात्रा नसलेली निवडा, ती जेवणासोबत घ्या म्हणजे चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं शोषली जातील, आणि तीन महिन्यांत थकव्यात फरक पडला नाही तर ती बंद करून झोपेपासून पुन्हा तपासायला सुरुवात करा. मुंग्या वाढत असतील, चालताना तोल जात असेल किंवा एका बाजूलाच बधिरपणा आला असेल, तर मात्र तीन महिने थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बधिरपणा अचानक आला असेल तर त्याच क्षणी.